कारण सापडलं की तो आजार मनोविकार राहत नाही : मेंदूतल्या शोधाची दोनशे वर्षं

गोदातीर

'मनोविकार मेंदूतलं रसायन बिघडल्यामुळे होतात' हे वाक्य आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशांपासून दवाखान्यातल्या फलकांपर्यंत सगळीकडे दिसतं. मी औषधशास्त्र शिकवते. हा भाग आला की अभ्यासक्रमात नसलेली एक गोष्ट मी वर्गात सांगतेच : हे वाक्य कुणी रुग्णाचा मेंदू तपासून काढलेलं नाही. औषधं आधी सापडली, तीही बहुतेक दुसऱ्याच कशावर तरी काम चालू असताना. ती मेंदूत काय करतात ते नंतर कळलं. आणि त्यावरून आजाराचं कारण काय असावं ते उलटं ताडलं गेलं. ही सगळी कहाणी मराठीत एकत्र कुठे मिळत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात करायला हवी ती १८२२ सालापासून. पॅरिसजवळच्या शारांतों इथल्या वेड्यांच्या इस्पितळात आंत्वान बेल नावाच्या २३ वर्षांच्या डॉक्टरने मरण पावलेल्या काही रुग्णांची डोकी उघडून पाहिली. हे सगळे एकाच वाटेने गेले होते. आधी मोठेपणाचे भ्रम (मी सम्राट आहे, माझ्याकडे अमाप सोनं आहे), मग जीभ अडखळणं, मग लकवा, स्मृतिभ्रंश आणि मृत्यू. बेलला त्यांच्या मेंदूवरची आवरणं सुजलेली दिसली. वेडाचा एक विशिष्ट प्रकार आणि मेंदूतला डोळ्यांना दिसणारा बिघाड यांची इतकी स्पष्ट सांगड त्याआधी कुणी घातली नव्हती. त्या शतकात युरोपातली इस्पितळं अशा रुग्णांनी भरलेली असत.

कारण मात्र नव्वद वर्षं सापडलं नाही. उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा, संशय १८५७ पासून घेतला जात होता. दारू, अतिश्रम, वासना, आनुवंशिक दुबळेपणा असे इतर आरोपीही रांगेत होते. १९०५ मध्ये उपदंशाचा जंतू दिसला, १९०६ मध्ये वासरमानची रक्ततपासणी आली, आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हिदेयो नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांचे ७० मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली घातले. त्यातल्या १२ मेंदूंत तो मळसूत्री जंतू सापडला. ऐन तारुण्यात झालेला संसर्ग दहा-वीस वर्षं गप्प राहून मेंदू पोखरत होता.

१९१७ मध्ये व्हिएन्नात यूलिउस वाग्नर-याउरेग यांनी या रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. मलेरियाच्या तापाने काही रुग्ण खरंच सुधारले, काही त्या मलेरियानेच गेले. वाग्नर-याउरेग यांना १९२७ चं नोबेल मिळालं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि हा आजार इस्पितळांतून जवळजवळ नाहीसा झाला.

माझ्या मते मनोविकारशास्त्राच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विजय हाच. पण विजय मिळताच तो आजार मनोविकारशास्त्राचा उरला नाही, संसर्गरोगांत गेला. पेलाग्राचं (अंगावर चट्टे, पोट बिघडणं आणि शेवटी भ्रमिष्टपणा आणणारा आजार) तेच झालं. अमेरिकेच्या दक्षिणेकडची इस्पितळं या रुग्णांनी भरली होती, आणि जोसेफ गोल्डबर्गरने १९१४-१५ च्या सुमारास फक्त जेवण सुधारून तो आजार थांबतो हे दाखवलं. १९३७ मध्ये नायसिन हे जीवनसत्त्व ओळखलं गेलं आणि पेलाग्रा आहारशास्त्रात गेला. अपस्मार न्यूरॉलॉजीत गेला. मनोविकारतज्ज्ञांच्या हाती उरले ते ज्यांचं एकच एक कारण सापडत नाही असे आजार : स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, नैराश्य. 'शंभर वर्षांत यांना एकही कारण कसं सापडलं नाही?' असं कुणी विचारलं की मी हे सांगते. ज्यांची कारणं सापडली, त्यांची नावं या यादीतून खोडली जात राहिली.

यानंतर येतात औषधं, आणि इथे आपल्या सर्पगंधेचा मोठा वाटा आहे.

१९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग रक्तदाबावर आणि उन्मादावर होतो हे छापून प्रसिद्ध केलं. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव मांडले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड इस्पितळात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन आलं होतं. तेही शस्त्रक्रियेच्या वेळी शरीर शांत ठेवण्यासाठी शोधलं जात असताना हाती लागलेलं. १९५२ मध्ये सेंट-अ‍ॅन इस्पितळात देले आणि देनिकेर यांनी ते उन्मादाच्या रुग्णांना दिलं.

औषधं चालली. का चालतात, कुणाला ठाऊक नव्हतं. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी, प्लेचर आणि शोर यांनी दाखवलं की रेसरपीन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन हे संदेशवाहक द्रव्य ओसरतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपीनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा (ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते द्रव्य) टोचलं आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिन हे स्वतःच मेंदूतलं एक संदेशवाहक द्रव्य आहे, हे त्या धाग्यावरूनच पुढे उलगडलं. कंपवातावरचा आजचा मुख्य उपचारही तिथूनच निघाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आता उलटा तर्क पाहा. रेसरपीन ही द्रव्यं कमी करतं, आणि रक्तदाबासाठी ते घेणारे काही जण उदास होतात अशा नोंदी येत होत्या. क्षयावरचं इप्रोनियाझिड ही द्रव्यं वाढवतं, आणि ते घेणारे रुग्ण उत्साही होतात असं १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात दिसलं होतं. म्हणजे नैराश्य ही या द्रव्यांची कमतरता! १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी हा विचार रीतसर मांडला. त्यांनी तो गृहीतक म्हणूनच मांडला होता, आणि कदाचित अपुरा ठरेल असा इशाराही दिला होता. तो इशारा पुढे गळून पडला.

एक प्रयोग मात्र सगळ्यांनी मागे सारला. १९५५ मध्येच लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना रेसरपीन किंवा नुसती खोटी गोळी देऊन तुलना केली. रेसरपीन घेतलेले रुग्ण बिघडले नाहीत, उलट सुधारले. लॅन्सेटसारख्या नियतकालिकात छापलेला हा निष्कर्ष आवडत्या कल्पनेत बसला नाही म्हणून कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत जवळजवळ दिसलाच नाही. मला याचा मनापासून राग येतो.

निशिगंध_वैद्य

अतिशय सकस लेख. सर्पगंधेबद्दल थोडी भर.

बिहारकडे ही मुळी बाजारात 'पागल की दवा' म्हणूनच विकली जायची. म्हणजे सेन-बोस यांनी जे छापलं ते लोकांना आधीपासून माहीत होतं. त्यांनी ते आधुनिक वैद्यकाच्या भाषेत आणलं. त्याच १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजमध्ये सलिमुझ्झमाँ सिद्दिकी यांनी या मुळीतून अल्कलॉइड वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांचं नाव दिलं, अजमलीन. ते हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित तपासण्यांत आजही वापरलं जातं. वकिलांना १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालं, ही गोष्ट मुंबईतल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही फारशी माहीत नसते.

वाचकांना हात जोडून एक विनंती. हे वाचून कुणी सर्पगंधेची मुळी आणून घरी उगाळू नका. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

शेवंती

गोदातीरताई, लेख दोनदा वाचला. विज्ञानातलं मला फार कळत नाही. पण आमच्या घरातलं सांगते.

माझ्या धाकट्या भावाला कॉलेजात असताना स्किझोफ्रेनिया झाला. त्या वेळी ज्यांच्याकडे दाखवलं (नाव लिहीत नाही), त्यांनी आईला समोर बसवून विचारलं, तुम्ही याला लहानपणी फार धाकात ठेवलं का? की प्रेमच कमी पडलं? आई काही बोलली नाही. नंतर नातेवाइकांनीही तेच सुरू केलं. आत्या तर सरळ म्हणायची, वहिनीने पोराचं डोकं फिरवलं. आई आज ऐंशीच्या घरात आहे आणि अजूनही मधेच विचारते, 'माझं काय चुकलं गं?'

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आईला दोष देण्याची ही कल्पना आली कुठून? आणि माझी मुलगी आता लग्नाची आहे. मामाला आहे म्हणजे मलाही होणार का, माझ्या मुलांना होणार का, असं ती विचारते. तिला काय सांगू?

मनोवैद्य

शेवंतीताई, दोन्ही प्रश्नांची उत्तरं देता येतात. आईंना जरूर वाचून दाखवा.

१९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन मनोविश्लेषक बाईंनी लिहिलं की थंड, नाकारणारी आणि वरचढ आई मुलात स्किझोफ्रेनिया निर्माण करते. अशा आईसाठी एक शास्त्रीय वाटणारं विशेषणही त्यांनी रूढ केलं. त्याला पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. तुलनेसाठी निरोगी मुलांच्या आया कुणी पाहिल्याच नव्हत्या. तरी ही कल्पना निदान तीस वर्षं शिकवली गेली, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांनी त्याच पुस्तकांवरून शिक्षण घेतलं. स्वमग्न मुलांच्या आयांच्या वाट्यालाही हेच आलं.

ती मोडली १९६६ मध्ये लेनर्ड हेस्टन यांच्या अभ्यासाने. ऑरेगॉनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांपासून जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत वेगळी केलेली ४७ मुलं त्यांनी मोठेपणी शोधून काढली. ती वाढली दुसरीकडे, त्या आईचा सहवास त्यांना मिळालाच नाही. त्यांतल्या ५ जणांना स्किझोफ्रेनिया झाला होता. अशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण आईला हा आजार नसलेल्या ५० जणांत एकालाही नव्हता. नंतर डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या नोंदींवरून केटी आणि सहकाऱ्यांनीही तेच दाखवलं. आईच्या वागण्याने हा आजार होत नाही. तुमच्या आईचं काहीही चुकलेलं नाही. हे मी डॉक्टर म्हणून पूर्ण जबाबदारीने लिहितो.

आता तुमच्या मुलीबद्दल. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. अर्व्हिंग गॉट्समन यांनी जुन्या युरोपीय अभ्यासांची बेरीज करून जे आकडे काढले ते असे : सख्ख्या भावाबहिणीला शंभरात सुमारे ९, भाचा-भाची किंवा पुतण्या-पुतणीला सुमारे ४. म्हणजे तुमच्या मुलीला हा आजार न होण्याची शक्यता ९६ टक्क्यांच्या आसपास. शिवाय हा आजार बहुतेक वेळा विशी-पंचविशीत डोकं वर काढतो, त्यामुळे वय वाढेल तशी ही भीती आणखी कमी होते. एकाच बीजाच्या जुळ्यांतसुद्धा एकाला असला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच आहे. जनुकं सारखी असूनही निम्मे वाचतात, यावरूनच जनुकांपलीकडे काहीतरी आहे हे कळतं.

गोदातीर, तुमच्याशी एका जागी मतभेद नोंदवतो. नैराश्याच्या रसायन-सिद्धांताबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. पण स्किझोफ्रेनिया आणि डोपामिन यांची जोडी केवळ उलट्या तर्कावर उभी नाही. १९७५-७६ मध्ये सीमन आणि स्नायडर यांच्या गटांनी दाखवलं की औषधाची मात्रा आणि ते डोपामिनच्या ग्राहकाला (पेशीवर डोपामिन जिथे जोडलं जातं त्या जागेला) किती घट्ट चिकटतं यांचा मेळ बसतो. हे अर्थातच औषधाबद्दल झालं. १९९६ मध्ये मात्र लारुएल यांच्या गटाने जिवंत रुग्णांच्या मेंदूची प्रतिमा घेऊन पाहिलं, की अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक औषध दिल्यावर निरोगी माणसांपेक्षा या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन जास्त सुटतं. हा रुग्णांच्या मेंदूतूनच मिळालेला पुरावा आहे.

गोदातीर

डॉक्टर, मुद्दा मान्य, आणि म्हणूनच दोन आजारांना एकच वाक्य लावणं मला खटकतं. पण ते जास्तीचं डोपामिन का सुटतं? तो कारणाचा पहिला दुवा आहे की पाचवा, हे त्या प्रतिमेतून कळत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाचा पारा चढलेला दिसतो, तो कशाने चढला ते थर्मामीटर सांगत नाही.

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मेंदूच्या संशोधनाने काय दिलं, असं मला कुणी विचारलं तर औषधांच्याही आधी मी हेस्टनचा अभ्यास सांगेन. आता १९७६ चाही सांगते. लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉन्स्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी नव्याने आलेल्या सीटी यंत्राने दीर्घकाळ आजारी असलेल्या १७ रुग्णांच्या मेंदूंची चित्रं घेतली. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या निरोगी लोकांपेक्षा मोठ्या दिसल्या. त्याआधी स्किझोफ्रेनियाला मेंदू-विकृतिशास्त्राचं कब्रस्तान म्हणत असत, इतकी वर्षं तिथे कुणाला काही ठोस सापडलं नव्हतं. फरक सरासरीतला होता. एका माणसाचं चित्र पाहून त्याला हा आजार आहे की नाही ते तेव्हाही सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. तरी आईकडे बोट दाखवणाऱ्यांना ते चित्र दाखवता आलं.

फ्रांकफुर्टकर

मी फ्रांकफुर्टला राहतो, म्हणून या कहाणीतल्या जर्मन भागाबद्दल लिहितो. त्यात अभिमानाचं आणि लाजेचं दोन्ही आहे.

अभिमानाचं आधी. १९०१ मध्ये इथल्या इस्पितळात आउगुस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना दाखल केलं गेलं. नवऱ्यावर संशय, विसर, मग सगळंच सुटत गेलेलं. डॉक्टर होते आलोइस आल्झायमर. त्यांनी तिचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवले. ती म्हणत असे, 'मी मला हरवून बसले आहे.' १९०६ मध्ये ती गेल्यावर तिचा मेंदू म्युनिकला मागवून घेऊन त्यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिला. पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आतल्या तंतूंचे गुंते दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं. १९१० मध्ये नामवंत जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला आल्झायमरचं नाव दिलं. तिच्या हरवलेल्या केस-पेपरची फाईल १९९५ मध्ये फ्रांकफुर्टमध्येच पुन्हा सापडली. गोदातीर म्हणतात तसा हाही आजार पुढे न्यूरॉलॉजीकडे सरकला, आल्झायमर स्वतः मनोविकारतज्ज्ञ असूनही.

आता दुसरं. इथून तासाभराच्या अंतरावर हाडामार गाव आहे. तिथल्या इस्पितळाच्या तळघरात जानेवारी ते ऑगस्ट १९४१ मध्ये दहा हजारांहून जास्त मनोरुग्णांना आणि मतिमंदांना विषारी वायूने मारलं गेलं. अशी सहा केंद्रं होती; नाझी राजवटीच्या या टी-४ नावाच्या मोहिमेत ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून जास्त माणसं मारली गेली. आणि यूलिउस हालरफोर्डेन नावाच्या नामवंत मेंदू-शास्त्रज्ञाने त्यांतले शेकडो मेंदू अभ्यासासाठी गोळा केले. युद्धानंतरही तो मॅक्स प्लांक संस्थेत काम करत राहिला. ते काचपट्ट्यांवरचे नमुने १९९० मध्ये म्युनिकच्या वाल्डफ्रीडहोफ स्मशानभूमीत पुरण्यात आले. मनोरुग्णांची सक्तीने नसबंदी करणाऱ्या १९३३ च्या कायद्यामागे एर्न्स्ट र्‍यूडिन हे आनुवंशिकतेचे अभ्यासक होते, क्रेपेलिन यांनी उभ्या केलेल्या म्युनिकच्या संस्थेतले.

मी हाडामारला जाऊन आलो आहे. 'मेंदूचाच दोष आहे, आईचा नाही' हे शेवंतीताईंच्या घरी सांत्वन आहे. तेच वाक्य इथे मृत्युदंडाचा हुकूम झालं होतं. आनुवंशिकतेबद्दल बोलताना हे कुणी वगळू नये असं मला तळमळीने वाटतं.

रोखठोक

म्हणजे निष्कर्ष काय? २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र पाहून सांगितलं की नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सुसंगत पुरावा नाही. तरीही गोळ्या दिल्या जातात. लोबोटॉमीलाही नोबेल दिलं होतंच की, १९४९ मध्ये, एगास मोनीझला. माणसांच्या मेंदूत सळया घालण्यासाठी! या क्षेत्रावर विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर?

मनोवैद्य

रोखठोक, मोनीझबद्दलचा तुमचा संताप रास्त आहे. १९३५ च्या लंडन परिषदेत दोन चिंपांझींवरची शस्त्रक्रिया ऐकून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी माणसांवर सुरुवात केली. रुग्णांचा पाठपुरावा फार थोडा काळ केला. पुढे अमेरिकेत फ्रीमनने ते हजारोंवर केलं.

पण कारणाचा सिद्धांत चुकणं आणि औषध निरुपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध चालतं की नाही हे खोट्या गोळीशी केलेल्या तुलनेवरून ठरतं. नैराश्याच्या औषधांचा फायदा सरासरीने माफक आहे आणि तीव्र आजारात तो महत्त्वाचा ठरतो, असं मी रुग्णांना सांगतो. हा धागा वाचून कुणीही चालू गोळ्या एकदम बंद करू नयेत. त्याचा त्रास वेगळा होतो, आणि स्किझोफ्रेनियात आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

माळरान

पेलाग्राचा उल्लेख आला म्हणून थांबलो. हा आजार फक्त अमेरिकेतला नव्हता. दख्खनच्या पठारावर, मुख्यतः तेलंगणाकडे, ज्वारीवर जगणाऱ्या गरीब शेतमजुरांत तो असायचा. हैदराबादच्या पोषण संस्थेतले सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिनकडे बोट दाखवलं. त्यावर पुढे वाद झाले, पण नुसत्या ज्वारीवर भागवणारा गरीब माणूस उन्हाळ्यात अंगावर चट्टे उठून, पोट बिघडून, शेवटी भ्रमिष्ट होतो हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं. आम्ही ज्वारीच्याच पट्ट्यातले. भाकरीबरोबर डाळ, भाजी, ताक असेल तर काही होत नाही. आजाराचं मूळ दारिद्र्यात होतं, आणि तो प्रकटला मेंदूत.

गोदातीर

माळरान, तुमच्या प्रतिसादाने माझ्या लेखातली मोठी मोकळी जागा भरली.

रोखठोक, 'विश्वास कशाच्या आधारावर' याचं माझं उत्तर : जिथे कारण सापडल्याचा दावा होतो तिथे 'रुग्णाच्या मेंदूत दाखवा' असं म्हणायचं. तसं दाखवणारं काम आता होतंय. २०१४ मध्ये सुमारे ३७,००० रुग्णांच्या अभ्यासातून स्किझोफ्रेनियाशी जोडलेली जनुकसंचातली १०८ ठिकाणं सापडली. २०२२ पर्यंत ती २८७ झाली. प्रत्येकाचा परिणाम अगदी लहान. त्यातल्या सी-४ नावाच्या जनुकाबद्दल २०१६ मध्ये बोस्टनच्या गटाने दाखवलं की तो पेशींमधले जोड छाटण्याच्या कामाशी संबंधित आहे. हे नमुने बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत एकाच घरात अनेकांना आजार असलेल्या भारतीय कुटुंबांवर काम चालू आहे, त्याची म्हणूनच मोठी गरज आहे.

आणि कारण सापडल्यावर आजाराने घर बदलण्याचं सगळ्यात ताजं उदाहरण २००७ मधलं. योसेप दालमाउ यांनी अशा तरुण मुलींचं वर्णन केलं ज्यांना अचानक भास, संशय, हिंसकपणा सुरू झाला होता. त्यांच्या शरीरात मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार झाली होती, अनेकींत अंडाशयातल्या गाठीमुळे. गाठ काढून आणि प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार देऊन यातल्या बऱ्याच रुग्ण बऱ्या होतात. त्याआधीच्या काळात अशा किती मुली मनोरुग्णालयात राहिल्या असतील!

म्हणून व्यवहारातलं एक सांगते. घरातल्या तरुण माणसाला पहिल्यांदाच, थोड्याच दिवसांत, भास-भ्रम सुरू झाले आणि सोबत ताप, झटके, तोंडाच्या किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली, बोलणं बंद होणं यांपैकी काही असेल, तर मनोविकारतज्ज्ञांबरोबर न्यूरॉलॉजिस्टलाही त्याच आठवड्यात दाखवा आणि प्रतिपिंडांच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. डॉक्टर, यात काही भर घालायची असल्यास जरूर घाला.

मनोवैद्य

थायरॉइड, बी-१२ आणि उपदंशाची रक्ततपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. शेवटची आजही करावी लागते, आणि अधूनमधून ती पॉझिटिव्ह येते.